पटलेबाई गाडी थांबवतात

पटलेबाईंच्या मागे बसायचं तर वेळेवर पोचायची आशा सोडावी लागे. त्यांच्या मोपेडवर मी सात वर्षं बसले आणि मोटारीत तेरा दिवस. या सगळ्या काळात त्या एखाद्या चांगल्या जागेवरून न थांबता पुढे गेल्या, असं फार थोड्या वेळा झालं.

देवरी तालुक्यातल्या एका सरकारी दवाखान्यात मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले, तेव्हा उर्मिला पटले तिथे नर्स होत्या. सगळे त्यांना पटलेबाई म्हणत. उंचीला बेताच्या, अंगाने काटक, केस घट्ट बांधलेले आणि पायात बाराही महिने पुरुषी सँडल. बोलणं तोडून टाकल्यासारखं. पहिल्या आठवड्यातच एका गावात तापाची साथ निघाली आणि रक्ताचे नमुने घ्यायला मला त्यांच्याबरोबर पाठवलं. जंगलातला रस्ता, मांडीवर काचपट्ट्यांचा डबा, आणि गाव कधी येतं याची मला घाई. मध्येच एका बोडीच्या पाळीवर बाईंनी मोपेड उभी केली, इंजिन बंद केलं आणि उतरून पाण्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. आमच्याकडे लहान तलावाला बोडी म्हणतात. ती कमळाच्या पानांनी भरली होती आणि पलीकडच्या काठावर बगळे बसले होते.

मी विचारलं, "बाई, इथं कोणी बिमार आहे का?"

"नाही."

"मग काऊन थांबलो?"

"पाह्य ना," त्या म्हणाल्या. "तुले डोळे कायले दिले?"

पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग त्यांनी पदर खोचला, किक मारली आणि आम्ही निघालो. गावात पोचल्यावर त्यांनी तीन तासांत साठ घरं पालथी घातली. धावून धावून मला धाप लागली. त्या मात्र शेवटच्या घरात बसून म्हातारीला गोळ्या कशा घ्यायच्या ते शांतपणे चौथ्यांदा सांगत होत्या.

नंतर कळलं की ही त्यांची रोजची रीत आहे. इंजिन बंद केल्याशिवाय पाहणं त्यांना पटत नसे. गाडीवर बसूनच पाहिलं तर त्या म्हणत, "हे पाहणं नाही, हे ओलांडणं झालं." फक्त लसीचा डबा खांद्याला असला की बाई कुठेही थांबत नसत. डब्यातलं बर्फ वितळायच्या आत गाव गाठायचं असे. तेव्हा बोडी, बगळे, फुललेला पळस, काही असलं तरी त्या मान वळवत नसत. लस टोचून झाली की परतीच्या वाटेवर मात्र जातानाच्या सगळ्या जागांची भरपाई होई.

एकदा दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना उशिराबद्दल सगळ्यांसमोर बोल लावला. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "साहेब, माझ्या गावांमधलं एक बी लेकरू लसीचं राहिलं असंल तं नाव सांगा. आत्ता जातो." डॉक्टरांनी रजिस्टर चाळलं. नाव निघालं नाही. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

या थांबण्यातूनच एकदा एक जीव वाचला, खरं तर दोन. पावसाळ्याच्या अखेरीस आम्ही एका टेकाडावर उभ्या होतो आणि खाली एक टोला, चार घरांची वस्ती, दिसत होता. बाई म्हणाल्या, "सगळ्या घरांतून धूर निघून राहिला. त्या शेवटच्या घरातून काऊन नाही?" मला तर ते घर दिसलंही नव्हतं. आम्ही खाली उतरलो. घरातले सगळे धानाच्या निंदणाला गेले होते आणि आठव्या महिन्यातली सून भिंतीला टेकून बसली होती. तिचे पाय सुजलेले होते, डोकं ठणकत होतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती. बाईंनी रक्तदाब पाहिला आणि बाहेर जाऊन रस्त्यावरचा ट्रॅक्टर अडवला. त्यावर खाट बांधून तिला हायवेपर्यंत आणलं आणि तिथून गोंदियाला. तिची पोरगी आता तिसरीत आहे.

गाडी शिकल्या तेव्हा बाई छप्पन वर्षांच्या होत्या. जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली आणि दवनीवाड्याला, सासरी, धान निघून गेलेल्या खळ्यावर शिकायला सुरुवात केली. दुसऱ्याच दिवशी गाडी तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, ढिगात घुसली, ती पार मागच्या काचेपर्यंत. त्यांचे यजमान हेमराजकाका राईस मिलमध्ये मुकादम होते. स्वभावाने भित्रे, आणि तसं कबूल करणारे. ते तणीस बाजूला करत म्हणाले, "तणीस होती म्हणून निभावलं. माणूस असता तं?"

"माणूस असता तं सरकला असता," बाई आतून म्हणाल्या.

निवृत्तीच्या दिवशी आम्ही शाल-नारळ दिलं, दोघा-तिघांनी भाषणं केली आणि बाईंना चार शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तीस वर्षं खांद्यावर बर्फ घेऊन फिरली. वितळायच्या आत पोच, वितळायच्या आत पोच, हेच केलं. आता मले तिथं जायचं आहे, जिथं बर्फ आपल्या मनानं वितळते." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. "कविता, रजा टाक. गाडीनं हिमालयात जाऊन राहिलो. हे मागं बसतील. बाजूला मले रस्ता पाहणारी पाहिजे."

त्यांची मुलगी भिलाईहून फोनवर रडली, रागावली. दवाखान्यातले म्हणाले, साठीला आलेली बाई, घाट म्हणून पाहिलेला तो आपल्या हायवेवरचा. बाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "परत आल्यावर सांगतो."

सप्टेंबरात आम्ही निघालो. सिवनी, जबलपूर, मग उत्तरेचा सपाट, न संपणारा रस्ता. पाचव्या दिवशी डोंगर सुरू झाले. मंडी सोडल्यावर हेमराजकाकांनी मागच्या सीटवर डोळे मिटले ते मनालीपर्यंत उघडले नाहीत. मांडीवर मुरमुऱ्यांची पिशवी, आणि प्रत्येक वळणावर एकच प्रश्न, "गेलं का?"

"गेलं," बाई म्हणत. "पुढचं येऊन राहिलं."

पण बाई थांबायच्या तेव्हा त्यांना उतरावंच लागे. पहिला मोठा थांबा बियास नदीच्या काठी झाला. पाणी कच्च्या आंब्याच्या सालीसारखं हिरवं. काकांनी समोरच्या उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांकडे पाहिलं आणि म्हणाले, "एवढ्याशा बांध्या? बैल वळते कसा इथं?" बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पाहा, डोळे उघडले की डोकं चालते तुमचं."

मनालीला दोन दिवस, मग डोंगराखालच्या बोगद्यापलीकडे सिस्सूला दोन दिवस. उंचीवर हळूहळू चढायचं, शरीराला सवय होऊ द्यायची, हे बाईंनी निघण्याआधी दोन डॉक्टरांना विचारून पाठ केलं होतं. सिस्सूसमोर डोंगराच्या कड्यावरून एक धबधबा पडतो. आवाज पोचत नाही, नुसता पांढरा पट्टा हलताना दिसतो. आम्ही तिथे रस्त्याच्या कडेला उभे असताना एक टेम्पो ट्रॅव्हलर आला, खिडकीतून चार मोबाइल बाहेर निघाले, फोटो झाले आणि टेम्पो न थांबता गेला. खिडकीत एक म्हातारे गृहस्थ होते, लोकरीची टोपी घातलेले. त्यांनी आम्हाला हात केला. बाईंनीही केला.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी आम्ही चंद्रतालाच्या, उंचावरच्या एका तलावाच्या, वाटेला लागलो. वाट म्हणजे नदीच्या काठचे दगडधोंडे. झाड नाही, गवतही नाही. डोंगर राखाडी, तांबडे, काळे, आणि माथ्यावर बर्फ. बाई पहिल्या गिअरमध्ये, दात आवळून, एकेक दगड टाळत होत्या. वाटेत एक नाला रस्त्यावरूनच वाहत होता. वरचं बर्फ दुपारच्या उन्हात वितळतं आणि पाणी चढतं, म्हणून असे नाले सकाळीच ओलांडायचे. आम्ही चाकं भिजवून पलीकडे गेलो. काकांनी चालत्या गाडीत पहिल्यांदाच डोळे उघडे ठेवून पाणी पाहिलं आणि म्हणाले, "झालं की."

दुपारी नाल्यापासून थोडं वर, नदीकाठच्या एका ढाब्यावर आम्ही जेवायला थांबलो. कालचा टेम्पो तिथेच उभा होता. ते लोक एकाच दिवसात मनालीहून थेट तलावाशी जाऊन तंबूत राहिले होते आणि सामान तिथेच ठेवून इथे जेवायला उतरले होते. मुलगा आणि सून डाळभात खात होते. म्हातारे टेम्पोतच होते. बाई हात धुवायला गेल्या त्या परत येईनात. पाहिलं तर त्या टेम्पोच्या दारात उभ्या होत्या.

आजोबा सीटवर बसल्या बसल्या धापा टाकत होते. ओठ निळे पडले होते आणि खोकल्याबरोबर गुलाबी फेस येत होता. बाईंनी त्यांच्या पाठीला कान लावला. मी बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढलं. आकडा फारच खाली होता, मी तो बाईंना दाखवला.

"छाती पाण्यानं भरून राहिली," बाई मला हळूच म्हणाल्या. मग मुलाला हाक मारून त्यांनी त्यांच्या गोंदियाच्या हिंदीत सांगितलं, "बाबूजी को अभी नीचे ले जाना पडेगा. अभी."

मुलगा उठून आला. "थकान है. रात को नींद नहीं हुई उनको. आप डॉक्टर हैं?"

"नर्स हूं. तीस साल से."

ड्रायव्हर म्हणाला, "नाला चढ़ गया है, मैडम. दोपहर में कोई नहीं उतरता. सुबह चलेंगे."

"सुबह तक ये नहीं रहेंगे," बाई म्हणाल्या.

सुनेच्या हातातला चमचा खाली पडला. मुलगा ड्रायव्हरकडे पाहू लागला, ड्रायव्हर नाल्याच्या दिशेने. कोणी हलेना. बाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "नाले तक तो चलो. पानी मैं देखती हूं."

सगळे टेम्पोत बसलो. मी आणि काकाही. नाल्याशी पोचलो. सकाळी चाकाखालून गेलेलं पाणी आता दगडांवर आपटत, गढूळ होऊन, रस्त्याच्या दुप्पट रुंदीत धावत होतं. ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला आणि हाताची घडी घालून बसला.

बाई उतरल्या. सलवार गुडघ्यावर बांधली, काठावर पडलेली एक लोखंडी सळई उचलली आणि पाण्यात शिरल्या. देवरीच्या जंगलात तीस पावसाळे त्यांनी असेच नाले ओलांडले होते, पण ते पाणी आपलं होतं. हे बर्फाचं. त्यांचे खांदे आखडलेले मला काठावरून दिसले. रस्त्याच्या सरळ रेषेत त्यांनी सळई टाकली, ती कमरेइतकी खाली गेली. त्या मागे आल्या, वरच्या अंगाला वीस पावलं गेल्या. तिथे पाणी पसरट होतं, आवाज जास्त पण खोली कमी. सळई टोचत टोचत त्या अर्ध्यावर गेल्या आणि तिथे त्यांचा पाय घसरला.

हेमराजकाका माझ्या शेजारी उभे होते. ते कधी पाण्यात शिरले ते मला कळलंच नाही. वळणावर डोळे मिटणारा माणूस पँट न दुमडता मांडीपर्यंतच्या पाण्यात चालत गेला आणि त्याने बाईंचा दंड धरला. दोघं काहीतरी बोलले. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नाही. मग दोघंही पुढे सरकत पलीकडच्या काठापर्यंत गेले, तिथून परत अर्ध्यावर आले आणि बाईंनी हात वर करून ड्रायव्हरला खूण केली. याच रेषेत ये.

ड्रायव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. मग मागे वळून आजोबांकडे पाहिलं आणि इंजिन चालू केलं. मी काठावरच थांबले. टेम्पो वरच्या अंगाने पाण्यात शिरला, एकदा डावीकडे कलला, सावरला. बाई त्याच्यापुढे चालत होत्या, हाताने इकडे, तिकडे, हळू. मागची चाकं पलीकडच्या दगडावर चढली तेव्हा सून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. बाई तशाच ओल्या कपड्यांनी टेम्पोत चढल्या आणि आजोबांना पाठीमागून धरून सरळ बसवलं. दार लागण्याआधी त्यांनी ओरडून मला सांगितलं, "यांचे पाय शेकजो. अन् गाडीची चाबी ढाब्यावर आहे, तू चालवू नको."

काका सळई टेकत, त्याच रेषेने पाण्यातून अलीकडे परत आले. आम्ही दोघं चढ चढून ढाब्यावर गेलो. मोबाइलला रेंज नव्हती. ढाबेवाल्याने शेगडी दिली, काकांचे पाय शेकले. मी विचारलं, "काका, पाण्यात बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाली, तुम्हाले पोहता येते का? मी म्हटलं, नाही. म्हणाली, मंग मले नीट धरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका ढाब्याच्या पायरीवर बसले ते उठले नाहीत. जेवले नाहीत. मी त्यांना धीर देत होते आणि मला कोणी द्यावा असं वाटत होतं. दुपार व्हायच्या आधी वळणावर धूळ दिसली. तोच टेम्पो. तलावाजवळच्या तंबूत राहिलेल्या बॅगा न्यायला ड्रायव्हर आला होता, आणि पुढच्या सीटवर बाई बसल्या होत्या, सुनेचा भारी कोट घालून.

काका उभे राहिले. बाईंनी खाली उतरून आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग आम्हाला सांगितलं, "जगले. अंधार पडायच्या आत दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाला, उद्या आणलं असतं तं उपयोग नव्हता. आज सकाळी चहा मागितला म्हाताऱ्यानं." एवढं बोलून त्यांनी तीन पराठे मागवले. काका तोंड वळवून नदीकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मलेही दोन सांगा."

ड्रायव्हर माझ्याजवळ येऊन सांगू लागला, माताजींनी येताना तीन ठिकाणी टेम्पो थांबवला. पहिल्यांदा त्याला वाटलं, तब्येत बिघडली. दुसऱ्यांदा तोही उतरला. आणि तिसऱ्यांदा, एका वळणावर हिमनदी दिसते तिथे, त्याने आपणहून ब्रेक मारला. बारा वर्षं तो या रस्त्यावर गाडी चालवतो. तिथे उभा मात्र पहिल्यांदाच राहिला.

त्यानंतरच्या दिवशी आम्ही चंद्रताल पाहिला. गाडी लांब ठेवून शेवटचा तुकडा चालावा लागतो. निळं पाणी, त्यात उलटे डोंगर, वारा पडला की जराही न हलणारे. बाई तिथे तासभर उभ्या होत्या. काका त्यांच्याशेजारी दगडावर बसले होते, डोळे सताड उघडे. मी फोटो काढायला मोबाइल उचलला आणि तसाच खाली ठेवला.

दुपारी कुंझुम खिंड. वर एक छोटं मंदिर आहे, येणारी प्रत्येक गाडी त्याला फेरी घालते. कोपऱ्यात ताजं बर्फ साचलं होतं. बाईंनी ओंजळभर उचललं, बोटांतून गळेपर्यंत धरून ठेवलं, मग हात पदराला पुसावा तसा ओढणीला पुसला. "वितळू दे," त्या म्हणाल्या. मग गाडीत बसल्या आणि मंदिराला एक सोडून तीन फेऱ्या घातल्या, हॉर्न वाजवत. मागच्या सीटवरून काका प्रत्येक फेरीला काच खाली करून, अनोळखी माणसांना हात करत होते. आमची गोंदियाची नंबरप्लेट पाहून दोन मोटारसायकलवाले टाळ्या वाजवत होते. इतकं मोठ्याने हसताना मी बाईंना आधी पाहिलं नव्हतं.

खिंडीपलीकडच्या काझाला पोचलो तेव्हा माझी रजा संपत आली होती. बाईंना आणखी वरची गावं पाहायची होती. मी एकटीने बसने खाली जायचं ठरलं. निरोप घेताना त्यांनी मला मुरमुऱ्यांची उरलेली पिशवी दिली आणि म्हणाल्या, "खिडकीपाशी बसजो." परत आल्यावर माझी बदली अर्जुनी मोरगावला झाली होती, त्या दवनीवाड्याला राहायला गेल्या, आणि फोनवर बोलणं होतं तरी भेट काही झालेली नाही. म्हणून डोळ्यांपुढे राहिली आहे ती त्या सकाळची शेवटची खूण.

बस गावाबाहेर पडली तेव्हा वर, उघड्या डोंगरावर, वळणावळणांनी चढणारा रस्ता दिसत होता. त्यावर एक पांढरा ठिपका. वळणाआड जायचा, पुन्हा वरच्या वळणावर दिसायचा. माझ्याशेजारी तिथलीच एक वयस्क बाई बसली होती, मांडीवर वाटाण्याच्या शेंगांची थैली. माझी नजर कुठे आहे ते पाहून तिने विचारलं, "आपके लोग हैं?"

"हां. हमारी नर्सबाई. गोंदिया से."

"गाड़ी कौन चला रहा है?"

"वही चला रही हैं."

तिने थैली माझ्या मांडीवर ठेवली, माझ्यापुढून वाकून खिडकीची काच सरकवली आणि मान बाहेर काढून, तो पांढरा ठिपका डोंगरमाथ्यापलीकडे उतरेपर्यंत पाहत राहिली.